कुलूपच फितूर झाले तर?

संगणकाला फायरवॉलचा डबा लावला की पेढीचा हिशेब सुरक्षित, असा समज आपल्या बाजारात पक्का बसला आहे. डबा महागाचा, कंपनी नावाजलेली, बसवणारा ओळखीचा. मग काळजी कसली? आमचे म्हणणे असे की खरी काळजी तिथूनच सुरू होते.

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट घ्या. फोर्टिनेट ही अमेरिकेतील मोठी कंपनी. तिचे फोर्टिगेट नावाचे फायरवॉल जगभर व आपल्या देशातही विकले जातात. त्यांच्यात एक दोष निघाला. डब्याच्या आतले काही प्रोग्राम आपसात निरोप देतात, आणि घरचाच निरोप म्हणून त्याला पासवर्ड विचारला जात नसे. बाहेरच्या माणसाने आपल्या निरोपावर 'मी आतूनच आलो' एवढे लिहिले, की डबा त्यालाही विचारीत नसे. दरवानाने 'शेठजींचा माणूस आहे' एवढ्या बोलण्यावर तिजोरीची खोली उघडून द्यावी, तसा हा प्रकार. पासवर्ड कितीही अवघड ठेवा. तो विचारलाच जात नसेल तर त्याचा काय उपयोग? शिवाय आत शिरलेला चोर कारभाऱ्याच्या खात्यावर स्वतःची किल्ली चढवून जाऊ शकत होता.

कंपनीने आधी ग्राहकांना खासगी ईमेल पाठवले, १० ऑक्टोबरला जाहीर सूचना काढली, दुरुस्त सॉफ्टवेअरही दिले. इथपर्यंत ठीक. पण जानेवारी २०२५ मध्ये बेल्सन ग्रुप नाव घेणाऱ्या टोळीने सुमारे १५,००० फोर्टिगेट यंत्रांची माहिती फुकट वाटून टाकली. त्यात यंत्रांचे पत्ते, आतली सगळी मांडणी, आणि काही पासवर्ड तर उघड अक्षरांत होते. जाणकारांनी तपासले तेव्हा हा माल २०२२ च्या त्याच दोषातून उचललेला निघाला. म्हणजे ज्याने दुरुस्ती केली, परंतु पासवर्ड जुनेच ठेवले, त्याच्या किल्लीची नक्कल दोन वर्षांहून अधिक काळ चोराच्या खिशात होती. आणि त्याच आठवड्यात याच कंपनीला पासवर्डाशिवाय कारभार हाती देणारा आणखी एक दोष जाहीर करावा लागला.

एकाच कंपनीला दोष देऊन भागणार नाही. ज्युनिपरच्या यंत्रांत डिसेंबर २०१५ मध्ये असा कोड सापडला, की एक ठरावीक पासवर्ड माहीत असलेला कोणीही आत येई. इव्हान्टीच्या यंत्रांची गत जानेवारी २०२४ मध्ये तशीच झाली.

चूक बनवणाऱ्याची, भुर्दंड मात्र छोट्या गिऱ्हाइकाला, हा न्याय आम्हांस मान्य नाही. तथापि कंपन्या सुधारेपर्यंत हात जोडून बसणे परवडणारे नाही. गिऱ्हाइकाची उधारी, कारागिरांची मजुरी, बँकेचा व्यवहार त्या डब्यामागे आहे. ही दुसऱ्यांची अमानत आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट नोंदणीची. सूचनेचा ईमेल नोंदलेल्या पत्त्यावर जातो. बसवणाऱ्याने स्वतःचाच पत्ता घातला असेल व तो आता दुबईला गेला असेल, तर इशारा तुमच्यापर्यंत येणार कसा? नोंद पेढीच्या नावावर करून घ्या. डब्याचे कारभाराचे पान इंटरनेटवरून उघडत असेल तर ते बंद करायला सांगा. २०२२ चा चोर त्याच पानातून आला होता. वार्षिक देखभालीच्या करारात 'सूचना आल्यावर इतक्या दिवसांत दुरुस्ती' असे लेखी घ्या. नुसत्या दुरुस्तीवर थांबू नका. कारभाऱ्यांची यादी समोर बसून पाहा, अनोळखी नाव वा किल्ली काढा, सगळे पासवर्ड बदला. जुना डबा स्वस्तात मिळतो म्हणून घेणारे पुष्कळ आहेत. ज्याला कंपनी आता दुरुस्ती देत नाही, तो फुकटही घेऊ नये.

घुसखोरी झालीच तर बदनामीच्या भीतीने लपवू नका. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते. लघुउद्योगांना दिलेली मुदतवाढ २५ सप्टेंबर २०२२ लाच संपली.