रेंजवर एकटे जाताय? निवांत व्हा, पण कान झाका

सुट्टीच्या दिवशी एकट्याने शूटिंग रेंजवर जाऊन दोन तास निशाणा साधत बसणे हा माझ्या मते उत्तम विरंगुळा आहे. स्पर्धा नाही, घाई नाही, फोन बॅगेत. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधायचा तर श्वास संथ करावाच लागतो. दोन तास मन दुसरीकडे भटकत नाही, हीच खरी विश्रांती.

पण एकटे असताना एक धोका असतो. ‘कान झाक’ असे बजावणारा प्रशिक्षक शेजारी नसतो आणि ‘दहाच गोळ्या तर मारायच्यात’ असे वाटते.

एअर रायफलचा आवाज तुलनेने कमी असतो. पॉइंट टू-टू रायफलचा बार मात्र साधारण १४० डेसिबलच्या घरात जातो, मोठ्या बंदुकांचा त्याहून वर. अशा आवाजाने आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. समोरचा बोलतोय हे कळते, पण शब्द स्पष्ट कळत नाहीत. उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्यांचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे तो जास्त बिघडतो. म्हणून पहिल्या गोळीपासून कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ घाला. बंद रेंजमध्ये तर दोन्ही हवेतच.

दुसरी गोष्ट शिशाची. छर्रे आणि गोळ्या बहुधा शिशाच्या असतात. गोळी झाडल्यावर शिशाची बारीक धूळही उडते. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा-वडापावला हात लावू नका. सॅनिटायझरने शिसे निघत नाही. घरी लहान मूल असेल तर कपडे बदलूनच त्याला उचला आणि ते कपडे वेगळे धुवा. मुलांसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. गरोदर स्त्रियांनी रेंज टाळावी. बंद रेंजवर नेहमी जात असाल तर रक्तातले शिसे तपासून घ्या.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान बंद वाटला, तर ‘होईल बरे’ म्हणून आठवडा काढू नका. दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

निवांतपणा मनात असू द्या, नियमांत नको.