एका तासाची अचूकता

सप्टेंबर २०१७. चीनमधल्या शिआन शहरात एका महिलेच्या जबड्यात यंत्रमानवाने दातांचे दोन इम्प्लांट बसवले. डॉक्टर शेजारी उभे होते, पण कोणी हात लावला नाही. काम तासाभरात आटोपलं. ठरलेल्या जागेपासूनचा फरक ०.२ ते ०.३ मिलिमीटर, असं सांगितलं गेलं.

अमेरिकेतला ‘योमी’ हा यंत्रमानव वेगळा. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या एफडीए या नियामक संस्थेने त्याला मंजुरी दिली. त्यात ड्रिल डॉक्टरच्याच हातात असतं; हात आराखड्यापासून ढळू लागला की यंत्राचा बाहू त्याला अडवतो. रुग्णाने मान हलवली तर तेही यंत्राला कळतं. मला माणूस आणि यंत्राची ही जोडी अधिक पटते, कारण मधेच बेत बदलावा लागला तर निर्णय घेणारा माणूस तिथेच ड्रिल धरून असतो.

ही अचूकता दिखाऊ नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होतात, कधी कायमच्या. म्हणून तिच्यापासून साधारण २ मिलिमीटर लांब राहायचं असतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. इतक्या अरुंद जागेत न थकणारा आधार मिळत असेल तर तो जरूर घ्यावा.

पण इम्प्लांट टिकतो तो हाडाने त्याला धरून ठेवल्यामुळे. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये योस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, तेव्हा स्कॅन नव्हता, संगणक नव्हता. २००६ मध्ये लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षं, त्या स्क्रूंनी साथ दिली. त्यामागे शिस्त होती: हाड तापू द्यायचं नाही, पाणी सोडत बेताने भोक पाडायचं आणि मग काही महिने थांबायचं. हाड ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होऊ शकते.

यंत्रमानव तो एक तास सांभाळतो. त्याआधीचे आणि नंतरचे महिने डॉक्टरांचे आणि आपले. साखर आटोक्यात आहे का? तंबाखू, मशेरी सुटली का? हिरड्यांचा आजार बरा केला का? आणि सगळ्यात आधी, रूट कॅनॉल करून मूळचा दात वाचेल का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर यंत्राचा बाहू देत नाही.

उद्या आपल्या गावातल्या दवाखान्यावर ‘रोबोटिक इम्प्लांट’ अशी पाटी लागली, तर तिला नाकं मुरडू नका. आत जा आणि डॉक्टरांना विचारा, ‘हा दात काढायलाच हवा का?’ स्कॅन समोर धरून, वेळ देऊन, गरज नसेल तर ‘नको’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्याकडे यंत्र असो वा नसो, जबडा त्याच्याच हाती द्यावा.