सिझेरियननंतरचा 'अटॅक' : नशीब म्हणून सोडून देऊ नका

सिझेरियन झाले, बाळ सुखरूप आहे, पण आईचा बीपी एकदम उतरला, छातीत दुखू लागले, आयसीयूत हलवावे लागले. असे काही घडले की वस्तीत दोनच स्पष्टीकरणे ऐकू येतात. 'डॉक्टरने मारले' किंवा 'नशिबात नव्हते'. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील मातांसोबत काम करणाऱ्या आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. धम्मात कारणाशिवाय परिणाम नसतो. म्हणून कारण समजून घेतले पाहिजे.

औषध हवेच, पण कसे?

बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळले गेले नाही तर रक्तस्राव थांबत नाही आणि काही मिनिटांत आई दगावू शकते. त्यासाठी ऑक्सिटोसिन देतात. ते दिलेच पाहिजे, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. मात्र या औषधाचा परिणाम फक्त गर्भाशयावर होत नाही. ते शिरेतून झटकन दिले तर रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी घसरतो आणि हृदय वेगाने धडधडू लागते. कंबरेतून दिलेल्या भुलीने बीपी आधीच उतरलेला असतो. निरोगी बाई यातून लवकर सावरते. अंगात रक्त कमी असलेली, शस्त्रक्रियेत जास्त रक्त गेलेली किंवा हृदयाची झडप आकसलेली बाई सावरेलच असे नाही.

ब्रिटनमध्ये 1997 ते 1999 या काळातील मातामृत्यूंच्या चौकशीत एकदम दिलेल्या 10 युनिट ऑक्सिटोसिनचा मुद्दा पुढे आला. त्यानंतर तिथे डोस 5 युनिटवर आणून तो सावकाश देण्याची शिफारस झाली. 2019 मधील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने सिझेरियनमधला सुरुवातीचा डोस आणखी कमी, म्हणजे 1 ते 3 युनिट, आणि पुढे सलाइनमधून हळूहळू, असा सांगितला. म्हणजे डोस आणि वेग हाच कळीचा प्रश्न आहे.

दुसरे औषध मेथर्जिन. ते उलट रक्तवाहिन्या आवळते आणि बीपी चढवते. हृदयाच्या रक्तवाहिन्याही त्याने आखडू शकतात. म्हणून बीपी वाढलेल्या किंवा हृदयरोग असलेल्या मातेला ते देत नाहीत. तिसरे कार्बोप्रोस्ट. दमेकरी बाईचा श्वास त्याने कोंडू शकतो. ही माहिती कोणत्याही भूलतज्ज्ञाला नवी नाही. समोरच्या बाईला काय आजार आहे हे त्यांच्यापर्यंत वेळेत पोचते का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या पट्ट्यातली अडचण

चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांत कंत्राटी काम करणारी असंख्य कुटुंबे मराठवाडा-विदर्भातून आलेली आहेत. पहिले पाच-सहा महिने तपासणी इथे होते, मग बाई माहेरी जाते, किंवा तिकडून आयत्या वेळी इथे परतते. फाईल एकीकडे राहते आणि बाई दुसरीकडे. कंत्राटदार बदलला की ईएसआयच्या कागदांचा घोळ वेगळाच.

त्यात अशक्तपणा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आहे. झडपांचा संधिवातजन्य आजार लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून सुरू होतो आणि दाटीवाटीच्या, गरिबीच्या वस्त्यांत जास्त आढळतो. तो अनेकदा गरोदरपणातच पहिल्यांदा डोके वर काढतो. पण दम लागला की घरचे म्हणतात, 'पोटुशी आहे, दम लागणारच.'

याच सर्वेक्षणात राज्यातील सुमारे 25 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47 टक्के, तर सरकारीत 14 टक्के आहे. सिझेरियन वाढले, तसे ही इंजेक्शने शिरेतून घेणाऱ्या माताही वाढल्या.

साठवणीचाही प्रश्न आहे. ऑक्सिटोसिन साधारणपणे 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते, नाहीतर त्याची ताकद घटते. मग डोस वाढवला जातो किंवा दुसरे औषध द्यावे लागते. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी भारतासह 10 देशांतील जवळपास 30 हजार मातांवर झाली. ती सामान्य प्रसूतींवर होती. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध शिफारशीत घेतले. मात्र त्यानेही बीपी उतरतो. सावकाश देणे आणि मॉनिटरवर लक्ष ठेवणे त्यातही सुटत नाही.

काय मागायचे, काय करायचे

2018-20 या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. हे यश खरे आहे. पण सरासरी चांगली असली म्हणून एकेका मृत्यूची चौकशी ढिली पडता कामा नये. प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची सरकारी पद्धत आहेच. त्यात औषध कोणते, किती आणि किती वेळात दिले याची नोंद असावी आणि निष्कर्ष कुटुंबाला मराठीत समजावून सांगावेत. महापालिका व जिल्हा परिषदेने नावे वगळून वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावा. डॉक्टरांवर हात उगारून यातले काहीच मिळत नाही.

आपल्या हातातही बरेच आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे हिमोग्लोबिन आणि बीपी तपासून घ्या. दम लागणे, पाय सुजणे, आडवे पडल्यावर खोकला येणे हे न लपवता सांगा आणि हृदय तपासायला सांगा. दमा, बीपी, लहानपणीचा सांधेताप असेल तर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. ते कार्ड माहेरी जाताना सोबत न्या. भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला हे सगळे पुन्हा एकदा तोंडाने सांगा.

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली, असे परंपरा सांगते. तेव्हा उपाय नव्हते. आज आहेत. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा कामगार स्त्रीचे बाळंतपण हा घरचा खासगी मामला नसून राष्ट्राच्या हिताचा विषय आहे, ही त्यांची भूमिका होती. देहूरोडला त्यांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या परिसरातल्या प्रत्येक विहारात महिन्याच्या 8 तारखेला गरोदर भगिनींची यादी काढून दुसऱ्या दिवशी त्यांना तपासणीला नेता येईल. एवढी जबाबदारी विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी घ्यावी.

जय भीम, नमो बुद्धाय.