आजोबा गेल्यानंतरचे घर



अंबरनाथ एमआयडीसीच्या आसपास ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे घड्याळ अनेक वर्षे भोंग्यावर आणि पाळीवर चालले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. पुढच्या काळात कोकणातून, देशावरून, खानदेशातून कितीतरी तरुण या पट्ट्यात आले. कोणी कारखान्यात लागले, कोणी वीज मंडळात खांबावर चढले, कोणी पाणीपुरवठ्याच्या पंपावर रुजू झाले. ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे आणि एकेक करून आपला निरोप घेत आहे. अशा घरांतील माणसे दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एकच प्रश्न असतो: एवढे दीर्घ आयुष्य जगून गेलेल्या माणसाची आठवण कशी जपावी? हा प्रश्न भावनेचा आहेच, पण आरोग्याचाही आहे. म्हणून आजचा लेख त्यावर.

ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका आजोबांविषयी सांगतो. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना तीस वर्षे झाली होती. नव्वदीच्या उंबरठ्यावर, फारसे अंथरुणाला न खिळता ते गेले. बदलापूरजवळचे बारवी धरण, जांभूळचे जलशुद्धीकरण केंद्र, तेथून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडे येणाऱ्या जलवाहिन्या हा त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा भूगोल. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. ही तपासणी ते नातवंडांना एखाद्या जादूच्या प्रयोगासारखी रंगवून सांगत. नातवंडांना शाळेत पोहोचवणे, महाशिवरात्रीला प्राचीन शिवमंदिराच्या यात्रेत खांद्यावर बसवून नेणे आणि परतताना त्याच मंदिराचा शिलालेख शके ९८२ चा आहे, असे न चुकता सांगणे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता.

अशा माणसाच्या कामाचे मोल आपल्याला सहसा कळत नाही, कारण नळाला स्वच्छ पाणी आले ही बातमी होत नाही. मात्र ते बिघडले की काय होते, हे दिल्लीने १९५५-५६ च्या हिवाळ्यात पाहिले. यमुनेचे सांडपाणीमिश्रित पाणी शहराच्या पुरवठ्यात शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यात पुरेसा क्लोरीन आहे ना, हे रात्री दोन वाजता जागून पाहणारा कामगार जे आजार होऊच देत नाही, त्यांची नोंद कोणत्याही डॉक्टरच्या वहीत होत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी वस्त्यांत शिरले. त्यानंतर पाणी व वीज पूर्ववत करायला चिखलात उतरलेली माणसे याच परंपरेतली. नातवंडांना आजोबा ‘नोकरी करत होते’ एवढेच माहीत असेल, तर ते काय करत होते हेही सांगावे.

आजींची गोळी

आजोबा गेल्यानंतर साधारण महिन्याने आजींना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. तक्रार चक्कर येण्याची होती. रक्तदाब फार वाढलेला होता. विचारल्यावर आजी म्हणाल्या, “डॉक्टर, सकाळी हे पेलाभर पाणी हातात द्यायचे, म्हणजे मला गोळीची आठवण व्हायची. आता पेला देणारं कोणी नाही.” घरात पाहुणे होते, विधी होते, सर्वजण आजींना जपत होते. परंतु त्यांच्या गोळ्यांची जबाबदारी आजवर कोणाकडे होती, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. गोळ्या पुन्हा नियमित सुरू झाल्या आणि रक्तदाब हळूहळू आटोक्यात आला.

जोडीदार गेल्यानंतरचे पहिले सहा महिने मागे राहिलेल्याच्या प्रकृतीला जड जातात. १९६९ साली ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते. त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. भूक मंदावते, झोप तुटते, पाणी कमी प्यायले जाते, औषधे चुकतात, आणि वृद्ध शरीराला एवढेही पुरते.

म्हणून पुढील गोष्टी पहिल्याच आठवड्यात कराव्यात. मागे राहिलेल्या आजी किंवा आजोबांची औषधे कोण देणार, त्या व्यक्तीचे नाव ठरवावे. ‘सगळे बघतील’ यात कोणीच बघत नाही. एक महिन्याच्या आत रक्तदाब, मधुमेह असल्यास साखर आणि वजन तपासून घ्यावे. गेलेल्या माणसाच्या उरलेल्या गोळ्या, इन्सुलिन, विशेषतः झोपेच्या गोळ्या घरात ठेवू नयेत. ‘दोघांनाही ब्लडप्रेशरच होतं’ म्हणून आजोबांच्या गोळ्या आजींना देणे तर कधीही नको. रूढीमुळे उपवास किंवा एकवेळ जेवण ठरले असेल, तर मधुमेही व्यक्तीबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक सूचना. दुःखात छातीत दुखले, दम लागला, तर ‘रडून रडून झालं असेल’ असे समजून थांबू नये. तीव्र भावनिक धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होणारा एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णिला. त्या स्थितीत हृदयाचा आकार आठपाय पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. पाळी बंद झालेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात आणि दोहोंतला भेद घरी करता येत नाही. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

नातवंडांना काय सांगावे

‘आजोबा झोपले आहेत’, ‘गावाला गेले आहेत’ असे लहान मुलांना सांगू नये. साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मृत्यू कायमचा असतो ही कल्पना मुलांना नीट उमगत नाही. झोपेशी तो जोडला, तर काही मुले झोपायलाच घाबरतात. गावाला गेले म्हटले, तर ती दाराकडे डोळे लावून बसतात. ‘आजोबांचे शरीर खूप म्हातारे झाले होते, ते आता काम करीत नाही, म्हणून ते परत येणार नाहीत’ असे सोप्या शब्दांत सांगावे. मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच उत्तर द्यावे. ज्याला आजोबाच शाळेत सोडत, त्याला उद्यापासून कोण सोडणार, हेही त्याच दिवशी सांगावे. मुलाच्या मनातला खरा प्रश्न पुष्कळदा तोच असतो.

आठवणी लिहून ठेवताना

ज्यांचे आजोबा आज हयात आहेत, त्यांच्यासाठी हा भाग अधिक महत्त्वाचा. म्हातारपणी माणूस जुन्याच गोष्टी सांगत राहतो, हे पूर्वी बुद्धी क्षीण होत असल्याचे लक्षण मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये निराळा विचार मांडला. आपल्या आयुष्याकडे वळून पाहणे, त्याचा मेळ लावणे, ही वार्धक्यातील स्वाभाविक आणि उपयुक्त प्रक्रिया आहे, असे त्याचे म्हणणे होते. आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीही आठवणींवर आधारित संवाद जगभर वापरला जातो. कालचे जेवण आठवत नसलेल्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीची रात्रपाळी स्वच्छ आठवू शकते.

‘आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असे विचारल्यास ‘काय सांगायचं त्यात’ एवढेच उत्तर येईल. नेमके विचारा. पहिला पगार किती होता आणि तो कोणाच्या हाती दिला? रात्रपाळीला डब्यात काय असे? पंप बंद पडला तर पहिली हाक कोणाला जाई? जुने ओळखपत्र, पान्हा, टॉर्च, सायकलचा दिवा हातात द्या. वस्तूने बोलणे सुरू होते. वेळ चहानंतरची, वीस मिनिटांहून अधिक नको. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. सन चुकला तर सुधारू नये. एखाद्या आठवणीने ते अस्वस्थ झाले, तर विषय बदलावा.

त्याआधी कान तपासून घ्यावेत. पंपघर, जनित्र, यंत्रशाळा यांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम केलेल्यांची श्रवणशक्ती पुष्कळदा कमी झालेली असते. ऐकू न आल्याने ते भलतेच उत्तर देतात, घरचे त्यांना विसराळू ठरवतात आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणेच कमी होते. कमी ऐकू येणे हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका म्हणून आता वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. श्रवणयंत्राचा खर्च करताना हे ध्यानात असावे.

आठवणींच्या त्याच वहीत एक पान वैद्यकीय इतिहासाचे असू द्या. आजोबांना कोणता आजार कोणत्या वयात झाला, त्यांच्या भावंडांना काय होते, हे लिहावे. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांपूर्वी, आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांपूर्वी हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीने लवकर तपासण्या कराव्यात. हे प्रश्न मी मुलांना विचारतो, तेव्हा ‘बाबांनाच माहीत होतं’ असे उत्तर पुष्कळदा मिळते.

दुःख किती दिवस

दुःखाला पंचांग लागू होत नाही. तेराव्यानंतर घर मोकळे होते आणि खरी पोकळी तेव्हा जाणवते. पहिला पितृपक्ष, पहिली दिवाळी, वर्षश्राद्धाचा आठवडा या काळात जुने दुःख उफाळून येते, ते स्वाभाविक आहे. आजींनी आजोबांचे नाव काढले की विषय बदलू नका. त्यांना बोलायचे असते. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ दैनंदिन व्यवहारच ठप्प असतील, तर डॉक्टरांना भेटावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकाची स्वतंत्र नोंद आहे. वजन झपाट्याने घटणे, अन्नपाणी सोडणे किंवा ‘मलाही न्या आता’ असे वारंवार म्हणणे दिसले, तर सहा महिने थांबू नये, त्याच दिवशी यावे.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाने आजोबांच्या छायाचित्राखाली त्यांच्या खात्याचे आणि हुद्द्याचे नाव लिहिले आहे. आजींना सकाळी पेलाभर पाणी आणि गोळी आता थोरली नात देते. आपल्या घरी हे काम कोणाकडे आहे, ते हा अंक खाली ठेवण्यापूर्वी विचारून घ्यावे.