शेलार ते वज्रेश्वरी, सावकाश

ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत निघावं. शेलार गाव सोडून वाडा रस्त्याने अंबाडीकडे लागलं, की गोदामं आणि कंटेनर हळूहळू मागे पडतात. मग दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं भात, कुठे कापणी उरकून बांधावर ठेवलेले भारे, पेंढ्याचा ओलसर वास. चाळीसच्या वेगात मागे बसलेल्या मित्राचं बोलणं नीट ऐकू येतं. माझ्या मते दुचाकीचं खरं सुख तेच. अंबाडीहून डावीकडे वज्रेश्वरी. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला बांधलेलं वज्रेश्वरी देवीचं देऊळ इथेच आहे. जवळच अकलोलीला तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत जुन्या मित्राला घेऊन जाऊन या. हेल्मेट मात्र दोघांनीही घाला.