रंगीत नकाशा आणि भिंगामागची कांच

अलीकडे आमच्या कांहीं सभासद बंधूंनीं उसावर व द्राक्षबागांवर ड्रोन फिरवून पिकाचे रंगीत नकाशे काढविण्यास आरंभ केला आहे. हिरवें तें निरोगी व तांबडें तें रोगट असें समजून त्यावरून खताची मात्रा ठरविली जाते. नवें साधन शेतकऱ्याच्या हातीं यावें याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु एकरी पैसे मोजण्यापूर्वीं कॅमेऱ्यांत प्रकाश गाळणारी कांच कोणती, हा प्रश्न विचारण्याची संवय लागली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सगळी मेख त्या कांचेंत आहे. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें. परंतु त्याच्या पलीकडचे, डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण तें पुष्कळ अंशीं परत फेंकतें. पान खंगलें कीं हा भेद कमी होतो. अवरक्ताच्या मापांतून तांबड्याचें वजा करून दोहोंच्या बेरजेनें भागिलें असतां जो आंकडा येतो, तोच नकाशांत रंग होऊन दिसतो. ही विद्या अगदीं नवी नव्हे. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१० सालीं अवरक्त किरणांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, त्यांत झाडांचीं पानें बर्फासारखीं पांढरीं दिसत होतीं. आपल्या देशांत १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी यांनीं केरळांतील नारळाच्या मर रोगाचा शोध अशाच फिल्मवर आकाशांतून घेतला.

आतां साधा कॅमेरा घ्या. त्यांतील सिलिकॉनचा पडदा सुमारें ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. म्हणून चित्राचे रंग बिघडूं नयेत यासाठीं कारखानदार अवरक्त अडविणारी कांच आंत बसवितो. कित्येक जण ती काढून दुसरी घालतात व तोच कॅमेरा ‘शेतीचा’ म्हणून फिरवितात. यांत खोट अशी कीं, पडद्यावरील तांबडे, हिरवे व निळे असे तिन्ही ठिपके अवरक्त किरणांस वाट देतात. मग तांबड्याच्या मापांत अवरक्त मिसळतें, आणि दुधांत पाणी घालावें तसा सगळा हिशेब पातळ होतो.

चांगल्या कॅमेऱ्यांत प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र भिंग व स्वतंत्र कांच असते. कांचेवर अतिशय पातळ असे पुष्कळ थर चढविलेले असून ती ठराविक पट्ट्यांतलाच प्रकाश आंत सोडते. तांबडा ६५० ते ६७० नॅनोमीटरच्या आसपास, अवरक्त ८४० ते ८६५ च्या. मधली ६८० ते ७४० ची चढण मोठी अवघड. तेथें पानाचें परावर्तन एकाएकीं वाढतें, आणि पट्टा रुंद असला तर चढणीच्या कोणत्या बाजूचें माप घेतलें हें कळत नाहीं. पुढें ९४० च्या सुमारास हवेंतील बाष्पच किरण गिळतें. शिवाय कांचेवर किरण तिरपे पडले कीं तिचा पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो. त्यामुळें रुंद भिंगाच्या कडेस आलेलें पीक मधल्या पिकाहून निराळें भासूं शकतें, आणि शेतकरी बिचारा त्या कडेला युरिया टाकीत बसतो! पट्टा फार अरुंद करावा तर प्रकाश कमी मिळतो. हें काम स्वस्तांत साधत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

म्हणून ड्रोनवाल्यानें आपल्या पट्ट्यांचे आंकडे व रुंदी लेखी द्यावी, आणि उड्डाणापूर्वीं ठराविक परावर्तनाच्या करड्या फळीचें चित्र घेतलें होतें कीं नाहीं तें दाखवावें. न देणाऱ्यास पैसे देऊं नयेत. ज्यास हा खर्च झेपत नाहीं त्यानें युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचीं चित्रें पाहावींत. तीं फुकट मिळतात, व त्यांतील एक चौकट १० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळ जवळ एक गुंठ्याची असते. पांच-दहा एकर उसास तीं पुरेशीं आहेत. पांच गुंठे भाजीपाल्यास मात्र कुचकामाचीं. आणि नकाशा कितीहि खरा असला तरी पीक कां पिवळें पडलें हें तो सांगत नाहीं. हुमणी, पाण्याचा ताण, लोहाची उणीव, हीं सर्व त्यांत सारख्याच रंगानें दिसूं शकतात. तेथें जाऊन मुळी उकरून पाहिल्यावांचून औषध आणूं नये.

संस्थेनें येत्या हंगामापूर्वीं असा एक नमुना-करार छापून सभासदांस द्यावा, आणि निदान एका शेताचा नकाशा उभ्या पिकाशीं ताडून पाहावा. त्याचा खर्च संस्थेच्या निधींतून व्हावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.