पुढच्या गिऱ्हाइकासाठी फरशी कशाला?

सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे १९५६ साली एकत्र आली आणि कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट शहर जन्माला आले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इथे उभी राहिलेली बैठी घरे आज भारतीय, त्यात मराठीही, कुटुंबांच्या नावावर होत आहेत. दहा लाख डॉलरच्या बऱ्याच वर किंमत मोजून किल्ली हाती आली, की सामान हलवण्याआधी पहिले काम निघते ते जमिनीचे. जुने कार्पेट उखडायचे आणि नवे काहीतरी घालायचे. त्या वेळी सल्ला देणारा जो तो, मग तो एजंट असो, कंत्राटदार असो वा आधी घर घेतलेला मित्र, एकच विचारतो: उद्या विकताना काय चालेल? त्या प्रश्नाच्या उत्तरातून राखाडी व्हायनिलच्या फळ्या, आरशासारख्या पांढऱ्या टाइल्स आणि दिवाणखाना व्यापणारा फिकट रंगाचा एल आकाराचा सोफा घरात येतो. वास्तविक पुढची दहा-पंधरा वर्षे ज्यांचे पाय, गुडघे आणि पाठी त्या घरात वावरणार आहेत, त्यांच्या सोयीवरून आधी जमीन ठरावी आणि मग फर्निचर. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाची आवड हा त्यातला शेवटचा मुद्दा असावा.

मराठी घरात जमीन केवळ चालण्यासाठी नसते. चपला-बूट दाराशी राहतात आणि आत सगळे अनवाणी. भाजी निवडायला, रांगत्या बाळामागे फिरायला, सत्यनारायणाला, गणपतीच्या आरतीला आणि पाहुणे वाढले की रात्री गाद्या घालायला जमीनच लागते. भारतातून आलेले आईवडील सहा-सहा महिने राहतात, तेव्हा हा वापर आणखी वाढतो. खुर्ची आणि पलंगावर जगणाऱ्या माणसाला जमीन नुसती दिसायला हवी असते. आपली कातडी तिला टेकते. म्हणून आपली पहिली कसोटी ही, की ती पुसता येते का. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट इथेच नापास होते. व्हॅक्यूमने वरचा कचरा निघतो, तळाची धूळ आणि धुळीतले सूक्ष्म किडे उरतात. त्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्यांना झोपण्याच्या खोलीतले कार्पेट काढण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच. त्यात २०१८ आणि २०२० मध्ये वणव्यांच्या धुराने फ्रीमाँटसह साऱ्या बे एरियाची हवा आठवडाभर आणि अधिकही खराब राहिली. असा धूर घरात शिरतो, त्यातले कण खाली बसतात, आणि ओल्या फडक्याने पुसता येणारी जमीन अशा वेळी खरी उपयोगी पडते.

मग घालावे काय? आधी खाली काय आहे ते पाहावे. फ्रीमाँटमधली काही घरे सिमेंटच्या स्लॅबवर आहेत, काही जमिनीपासून उचललेल्या लाकडी सांगाड्यावर. स्लॅबवर पोर्सलिन टाइल छान बसते. लाकडी सांगाडा लवत असेल आणि मध्ये योग्य अस्तर नसेल, तर त्याच टाइलच्या सांध्यांना तडे जातात. टाइलला पाण्याचे किंवा तेलाचे भय नाही, डाग धरतात ते सांधे. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि फोडणीच्या शिंतोड्याबरोबर सिमेंटच्या सांध्यात उतरतो; सांधे इपॉक्सीने भरले तर ही कटकट बरीच मिटते. संगमरवर श्रीमंत दिसतो, पण लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणाने त्याची झिलई जाते. गुळगुळीत टाइल ओली झाली की घसरते, म्हणून ओल्या होणाऱ्या सपाट जागेसाठी अमेरिकी मानकाने घर्षणांक किमान ०.४२ ठरवला आहे. दुकानात रंगाआधी हा आकडा विचारावा. व्हायनिलच्या फळ्या स्वस्त आणि पायाला टाइलपेक्षा उबदार असतात, पण पश्चिमेकडच्या काचेच्या दारातून येणाऱ्या उन्हाने त्या फुगू शकतात, रबरी तळाच्या पायपुसण्याने त्यांवर पिवळा डाग कायमचा बसतो आणि पंगतीच्या धांदलीत गरम कढई खाली ठेवली की व्रण उठतो. घ्यायच्याच असतील तर वरचा झीज सोसणारा थर वीस मिलचा, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग, असलेल्या घ्याव्यात. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या चुऱ्याचा असतो आणि तो चिकटवणाऱ्या सरसात फॉर्मल्डिहाइड असू शकते. कॅलिफोर्नियाने त्यावर २००९ पासून मर्यादा लागू केली. तरीही २०१५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने चिनी बनावटीच्या काही फळ्या ती मर्यादा ओलांडत असल्याचे दाखवले. तेव्हा खोक्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या घरात कार्पेटखाली कधी कधी ओकच्या अस्सल पट्ट्या निघतात. त्या घासून पॉलिश करणे हाच उत्तम सौदा. मात्र १९८० पूर्वीच्या घरात नऊ इंची जुन्या टाइल्स निघाल्या तर हातोडा बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो तोडफोडीने हवेत मिसळतो.

फर्निचर हा पुढचा प्रश्न, आणि तोही शरीराचाच. सध्याच्या ऐसपैस सोफ्यांची बैठक बावीस-चोवीस इंच खोल असते. पाच फूट उंचीच्या आजींनी त्यावर पाठ टेकली तर पाय अधांतरी राहतात, पाय टेकले तर पाठ सुटते, आणि उठायचे म्हटले की कुणीतरी हात द्यावा लागतो. अठरा-वीस इंच खोल, सतरा ते एकोणीस इंच उंच, घट्ट बैठकीची आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची दिवाणखान्यात कमी दिमाखदार दिसेल, पण ती माणसाला स्वतःच्या बळावर उठू देते. अशा दोन-तीन खुर्च्या, एक दिवाण आणि मधली जमीन मोकळी, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते. मोकळ्या जमिनीचा आणखी एक उपयोग आहे. ब्राझीलमधील क्लॉडिओ गिल अराउजो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताचा-गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसून उठणे ज्यांना जमत नव्हते, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असे यातून सिद्ध होत नाही; पण पायांतली ताकद आणि तोल यांचा ज्यात रोज कस लागतो, ती सवय फर्निचरच्या गर्दीने मोडू नये, एवढे तरी म्हणता येते.

सोफ्याचा जमिनीशी आणखी एक संबंध आहे, आणि त्याचा इतिहास खास कॅलिफोर्नियाचा आहे. १९७५ पासून या राज्याचा नियम असा होता, की गादीतल्या फोमने बारा सेकंद ज्योत सोसली पाहिजे. त्यासाठी उत्पादक फोममध्ये ज्वालारोधक रसायने घालू लागले आणि बाजारपेठ मोठी असल्याने देशभरचे सोफे तसेच बनू लागले. ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपलटन यांनी २०१२ मध्ये १०२ सोफ्यांच्या फोमचे नमुने तपासले, तेव्हा ८५ टक्क्यांत ही रसायने सापडली. ती फोममध्ये टिकून राहत नाहीत. धुळीत उतरतात, धूळ जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. नियम २०१३ मध्ये बदलला, २०१५ पासून सक्तीचा झाला, आणि २०२० पासून नव्या गादीदार फर्निचरमध्ये ही रसायने वापरण्यावर राज्याने बंदी घातली. नव्याने आलेली कुटुंबे जुना सोफा गराज सेलमधून स्वस्तात उचलतात. त्यांनी गादीखालची चिठ्ठी जरूर वाचावी. त्यावर २०१३ चा उल्लेख आणि रसायने नसल्याची नोंद नसेल, तर स्वस्त सोफा नाकारलेला बरा. हाच काटेकोरपणा उंच कपाटांबाबतही हवा. हेवर्ड फॉल्ट ही भूकंप घडवणारी भेग फ्रीमाँटमधून जाते. १८६८ च्या भूकंपात मिशन सॅन होजेचे मातीच्या विटांचे चर्च कोसळले. शोकेस, पुस्तकांचे कपाट आणि उंच देव्हारा भिंतीतल्या लाकडी खांबांना पट्ट्यांनी बांधायला एक दुपार पुरते.

यावर पहिला आक्षेप अर्थातच पैशांचा: एवढ्या महागड्या घरात पुनर्विक्रीचा विचार नको का? पण आपण स्वतः काय केले ते आठवावे. आधीच्या मालकाने कौतुकाने घातलेली जमीन आपण ताबा मिळताच उखडली. पुढचा मालकही बहुधा तेच करील. फ्रीमाँटमध्ये किंमत ठरते ती प्रामुख्याने जागेवर आणि शाळेच्या हद्दीवर. शिवाय नीट बसवलेल्या, न घसरणाऱ्या, डाग न धरणाऱ्या जमिनीमुळे कुणाचे घर पडून राहणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कार्पेट मऊ असते, पडल्यावर मार कमी लागतो, आवाजही गिळते. आणि अमेरिकेत पासष्टीपुढच्या चारांतला एक जण वर्षातून किमान एकदा पडतोच. हे मान्य केले पाहिजे. म्हणून जिन्यावर कार्पेट ठेवणे शहाणपणाचे. मोजे घालून लाकडी पायऱ्या उतरणे कुणालाच परवडत नाही. तोल जाणाऱ्या वृद्धाच्या खोलीतही ते राहू द्यावे, कारण तिथे सैल गालिचा पायात येण्याचा धोका मोठा. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीचे नियम बघून, आवाज शोषणारे अस्तर घालूनच कडक जमीन करावी. बाकीच्या घराला हे कारण लागू पडत नाही. तिसरा आक्षेप, की इथे वाढलेली मुले मांडी घालून बसणार नाहीत, मग हा हट्ट कशाला? हट्ट नाहीच. गुडघे गेलेल्या आजोबांना संस्कृतीच्या नावाखाली खाली बसवणे हा त्यांचा छळ ठरेल. खुर्ची आणि जमीन दोन्ही वापरण्याजोगी असावीत, कोणी कुठे बसावे ते ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा खर्चाचा क्रम असा असावा: आधी जमिनीखालचा सांगाडा आणि तपासणी, मग न घसरणारी, पुसता येणारी जमीन, मग हात असलेल्या दोन चांगल्या खुर्च्या, आणि उरले तर सोफा. भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती पहिले दोन टप्पे नसतात. त्यांनी धुता येणारी मोठी सतरंजी आणि त्याच दोन खुर्च्या घ्याव्यात. टाइलचा नमुना घरी आणून ओला करून त्यावर अनवाणी उभे राहावे, आणि घरातल्या सर्वांत बुटक्या व सर्वांत वयस्कर माणसाला दुकानात नेऊन खुर्चीत दहा मिनिटे बसवावे. त्यांना मदतीशिवाय उठता आले तरच पैसे द्यावेत.